बालवाडीतील गुरुजी

'बालवाडी' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. एक लहानशी खोली, भिंतींवर फळांची व पाखरांची चित्रे, जमिनीवर गोल करून बसलेली पंचवीस-तीस मुले आणि त्यांच्यामध्ये हातवारे करून गाणे म्हणणाऱ्या 'बाई'. ह्या चित्रातील बाईंच्या जागी एखादे गुरुजी बसले आहेत, अशी कल्पना करून पाहावी. प्रथम हसू येते. मग थोडेसे अवघडल्यासारखे वाटते. आणि शेवटी मनात प्रश्न येतो, की ह्या गृहस्थांना दुसरे काही काम मिळाले नाही काय?

हे हसू, हे अवघडलेपण आणि हा प्रश्न ही तिन्ही तपासून पाहण्यासारखी आहेत. तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना सांभाळणे व शिकविणे हे स्त्रीचेच काम होय, ही समजूत आज इतकी दृढ झाली आहे, की तो निसर्गाचाच नियम वाटावा. जगातील पूर्व-प्राथमिक शिक्षकांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. परंतु बालशिक्षणाचा इतिहास पाहिला तर हा नियम निसर्गाने घातलेला नसून माणसांनी घातलेला आहे, असे दिसून येते. आणि त्याची किंमत ज्या थोड्या पुरुषांना हे काम करावेसे वाटते त्यांनाच नव्हे, तर हे काम करणाऱ्या लक्षावधी स्त्रियांनाही मोजावी लागते.

आरंभ एका विणकराने केला

लहान मुलांची शाळा ही कल्पना प्रथम प्रत्यक्षात आणणाऱ्यांत पुरुष आघाडीवर होते. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीचे चालक रॉबर्ट ओवेन यांनी १८१६ च्या १ जानेवारीस आपल्या कामगारांसाठी व त्यांच्या मुलांसाठी एक शिक्षणसंस्था उघडली. नुकती चालू लागलेली मुलेही तीत घेतली जात. ह्या लहानग्यांसाठी ओवेन यांनी कोणी विद्वान पंडित शोधला नाही. जेम्स ब्यूकॅनन नावाचा एक साधा विणकर आणि त्याच्या जोडीला मॉली यंग ही सतरा वर्षांची गिरणीतील मुलगी, अशा दोघांच्या हाती त्यांनी ती मुले सोपविली. ब्यूकॅनन फारसा शिकलेला नव्हता. परंतु त्याला मुलांची ओढ होती व त्याच्या अंगी सहनशीलता होती. मुलांना मारावयाचे नाही व त्यांच्याशी कठोर शब्द बोलावयाचा नाही, असा ओवेन यांचा दंडक होता. पुढे लंडनमध्ये तशीच शाळा निघाली, तेव्हा ती चालविण्यासाठी ह्याच विणकराला नेण्यात आले. म्हणजे न्यू लॅनार्कच्या त्या वर्गात एक पुरुष व एक स्त्री असे दोघे बरोबरीने उभे होते.

जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी कार्य सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन' म्हणजे बालोद्यान हे नाव दिले. मिडेनडॉर्फ व लांगेथाल हे त्यांचे जुने सहकारी पुरुषच होते. परंतु पुढे फ्रोबेल यांनी हे कार्य म्हणजे मातृत्वाचाच विस्तार आहे असे मानून स्त्रियांना आवाहन केले. त्या काळी सुशिक्षित स्त्रियांना घराबाहेरचे बहुतेक व्यवसाय बंद होते. बालोद्यानाने त्यांच्यासाठी एक प्रतिष्ठेचे दार उघडले. हा मोठाच लाभ होता, यात शंका नाही. मात्र त्याच दाराने आणखी एक समजूत आत आली. जे काम आईच्या मायेतून सहजच होते, त्यासाठी वेगळे शिक्षण कशाला आणि भरपूर वेतन तरी कशाला, असे समाज म्हणू लागला. एका हाताने दिलेला मान दुसऱ्या हाताने असा परत घेतला गेला.

'मूछाळी मा'

आपल्या देशात बालशिक्षणाची मुहूर्तमेढ रोवणाऱ्यांमध्येही एक पुरुष अग्रभागी होता. गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ चा, सौराष्ट्रातील. ते व्यवसायाने वकील. तरुणपणी काही काळ आफ्रिकेत राहून आल्यावर त्यांनी कायद्याचा अभ्यास केला व वकिली सुरू केली. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे, कसे शिकवावे ह्या विचारातून ते मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथाकडे वळले. रोममध्ये १९०७ साली निघालेल्या माँटेसरींच्या बालगृहाची कीर्ती तेव्हा जगभर पसरत होती. १९१६ मध्ये गिजुभाईंनी वकिली सोडली आणि ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले.

त्या काळच्या शाळेत छडी हे शिक्षकाचे मुख्य साधन मानले जाई. गिजुभाईंनी छडी टाकली, बक्षिसेही टाकली. मुलाने भीतीने शिकू नये, तसेच लोभानेही शिकू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या बालमंदिरात गोष्टी होत्या, गाणी होती, नाटके होती, माती होती, झाडे-पाखरे होती. स्वच्छ राहणे, आपले काम आपण करणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे ह्या गोष्टींना अक्षरांइतकेच स्थान होते. गिजुभाई मुलांना गोष्ट सांगत आणि नाटकात मुलांबरोबर स्वतः उभे राहत. भरघोस मिशांच्या ह्या वकिलाला लोक 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. गुजरातेत आजही ते ह्याच नावाने ओळखले जातात.

ह्या नावामागे प्रेम आहे. परंतु किंचित थांबून पाहिले तर त्यात एक अडचणही दिसते. लहान मुलाशी मायेने वागणाऱ्या पुरुषासाठी भाषेपाशी स्वतंत्र शब्दच नव्हता. म्हणून त्याला 'आई' म्हणावे लागले आणि 'मिशा' जोडून अपवाद नोंदवावा लागला. वास्तविक गिजुभाईंची माया ही जन्मजात देणगी एवढीच गोष्ट नव्हती. त्यांनी माँटेसरींचा अभ्यास केला होता, मुलांचे तासन्‌तास निरीक्षण केले होते, स्वतःच्या चुका तपासल्या होत्या. १९२५ मध्ये त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अध्यापन मंदिर सुरू केले, ते बालशिक्षण ही शिकून घ्यावयाची विद्या आहे असा त्यांचा विश्वास होता म्हणूनच. जी गोष्ट शिकता येते, ती स्त्रीला शिकता येते तशी पुरुषालाही शिकता येते.

भावनगरहून बोर्डीकडे

ह्या बालमंदिराशी महाराष्ट्राचे नाते फार जवळचे आहे. १९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला गेल्या आणि गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. एक गुजराती वकील व एक मराठी विदुषी यांनी मिळून भारतीय बालशिक्षणाचा जो पाया घातला, तो स्त्रीचा की पुरुषाचा असा प्रश्न त्यांना स्वतःला पडला नव्हता. गिजुभाई १९३९ च्या जून महिन्यात मुंबईत निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस माँटेसरीबाई भारतात आल्या. ज्यांच्या ग्रंथाने त्यांचे आयुष्य पालटले, त्यांच्या भारतभेटीचा योग गिजुभाईंच्या नशिबी नव्हता.

ताराबाईंनी हे कार्य पुढे मुंबईत दादरला, १९४५ पासून त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वारली मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात गेली. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातला. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर गेले, तिला 'कुरणशाळा' हे नाव मिळाले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री देऊन राष्ट्राने ह्या कार्याचा गौरव केला.

सेविका आणि मानधन

१९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाडी केंद्रे आहेत व महाराष्ट्रात ती १ लाखाहून अधिक आहेत. ह्या केंद्रांतून पूरक पोषण आहार, लसीकरणास साहाय्य, वजन-उंचीची नोंद, आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण अशा सेवा मिळतात. केंद्र चालविणारी 'सेविका' ही स्थानिक महिलाच असावी, असे योजनेचे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याला सबळ कारण आहे. गरोदर व स्तनदा मातांशी मोकळेपणाने बोलणे, घरोघर जाऊन त्यांची विचारपूस करणे, हे गावातील स्त्रीलाच सहज शक्य होते. शिवाय लक्षावधी ग्रामीण स्त्रियांना ह्या योजनेने घराबाहेरचे पहिले मानाचे स्थान दिले. अंगणवाडीत पुरुष सेवक नेमले पाहिजेत, असा आग्रह धरण्याचे येथे प्रयोजन नाही.

प्रयोजन आहे ते ह्या व्यवस्थेमागील एका गृहीताकडे लक्ष वेधण्याचे. सेविकेला मिळते ते 'मानधन', वेतन नव्हे. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्र शासनाने सेविकेच्या मासिक मानधनाची रक्कम ४,५०० रुपये केली व राज्ये त्यात आपापली भर घालतात. ती 'सेविका' आहे, 'शिक्षिका' नव्हे. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. हे काम म्हणजे फावल्या वेळातील समाजसेवा नसून नियमित जबाबदारीचे काम आहे, हे त्यातून अधोरेखित झाले.

येथेच मूळ मुद्दा येतो. बालसंगोपन हा स्त्रीचा स्वभावधर्म आहे, असे एकदा मानले की दोन अन्याय एकाच वेळी घडतात. पुरुषाला सांगितले जाते, की हे तुझे काम नव्हे. आणि स्त्रीला सांगितले जाते, की हे तुला येतेच, मग त्याचे मोल कसले मागतेस? पहिला अन्याय थोड्यांवर होतो, दुसरा लक्षावधींवर. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे.

दाराबाहेरचा तरुण

पूर्व-प्राथमिक शिक्षणाची पदविका आपल्या देशात स्त्री व पुरुष दोघांनाही खुली आहे. समजा, एखाद्या तरुणाने ती घेतली व तो खाजगी बालवाडीत काम मागू लागला, तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते?

पहिली अडचण पैशाची. ह्या क्षेत्रातील पगार बहुतेक ठिकाणी असा असतो, की त्यावर संसार चालत नाही. तो घरातील 'दुसरा' पगार असेल, असे गृहीत धरूनच तो ठरविलेला असतो. लग्नाच्या बाजारात अशा मुलाला स्थळे येत नाहीत, ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे. दुसरी अडचण प्रतिष्ठेची. महाविद्यालयात शिकविणारा प्राध्यापक, माध्यमिक शाळेत शिकविणारा सर, प्राथमिक शाळेतील गुरुजी. विद्यार्थ्याचे वय जसे कमी होते तशी शिक्षकाची पत कमी होते, असा आपल्या समाजाचा हिशेब आहे. वास्तविक २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटल्याप्रमाणे मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वीच होतो. जेथे सर्वांत मोठे बांधकाम चालते, तेथील गवंड्याला आपण सर्वांत कमी मजुरी देतो.

तिसरी अडचण एकटेपणाची. शिक्षकांच्या खोलीत तो एकटाच असतो. कपाट हलवावयाचे असेल, दंगा करणाऱ्या मुलाला धाक दाखवावयाचा असेल, संगणक बिघडला असेल, तर त्याला बोलाविले जाते. रडणाऱ्या मुलाला जवळ घेण्याची वेळ आली की मात्र त्याला बाजूला व्हावयास सांगतात. म्हणजे वर्गात येऊनही त्याला मूळ काम करू दिले जात नाही.

संशयाचा प्रश्न

चौथी अडचण सर्वांत कठीण, आणि तिच्याविषयी आडपडदा न ठेवता बोलले पाहिजे. ती म्हणजे संशय. हा संशय निराधार आहे, असे म्हणून तो दूर होणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाजवळ महिला कर्मचारी असावी, अशी पालकांची अपेक्षा रास्तच आहे. ज्या आईने आपले मूल प्रथमच दुसऱ्याच्या हाती दिले, तिच्या भीतीला हसणे हा क्रूरपणा ठरेल.

तरीही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चांगल्या माणसाला केवळ पुरुष म्हणून दूर ठेवल्याने मूल सुरक्षित होत नाही. मूल सुरक्षित होते ते नियमांनी, आणि ते नियम शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शिक्षक असो, शिपाई असो, वाहनचालक असो किंवा बाई असो, सारखेच लागू असले पाहिजेत. नेमणुकीपूर्वी पूर्वचारित्र्याची पडताळणी. कोणतीही प्रौढ व्यक्ती मुलाबरोबर बंद खोलीत एकटी राहणार नाही असा दंडक. वर्गाचे दार उघडे व खिडकीतून आतले दिसेल अशी रचना. शौचास नेणे व कपडे बदलणे ह्या कामांची ठरलेली पद्धत. मुलांना चांगला स्पर्श व वाईट स्पर्श यांतील फरक समजावून देणे. आणि तक्रार आल्यास ती न दडपता तत्काळ पोलिसांकडे देणे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा गुन्हेगार स्त्री की पुरुष असा भेद करीत नाही आणि गुन्ह्याची माहिती दडविणाऱ्यालाही शिक्षा सांगतो. असे नियम कसोशीने पाळणाऱ्या शाळेत प्रामाणिक पुरुष शिक्षकालाही संरक्षण मिळते. नियम नसतील, तेथे मूलही असुरक्षित आणि शिक्षकही असुरक्षित.

इतर देशांचा अनुभव

हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. जपानचे उदाहरण बोलके आहे. तेथे पाळणाघरातील शिक्षिकेला 'होबो' म्हणत. ह्या शब्दाच्या दोन अक्षरांपैकी एकाचा अर्थ जपणे व दुसऱ्याचा अर्थ आई. कायद्याच्या व्याख्येनेच ती स्त्री असे. १९७७ मध्ये पुरुषांना हे काम करण्याची पात्रता मिळविण्याची मुभा मिळाली. परंतु पदाचे नाव आईचेच राहिले. अखेर १९९९ मध्ये 'होइकुशी' असे स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडणारे नाव कायद्याने स्वीकारले. नाव बदलल्याने सारे काही बदलले नाही. २०१७ मध्ये चिबा शहराने पुरुष बालशिक्षकांना वाव देण्याची योजना जाहीर केली, तेव्हा लहान मुलींचे कपडे पुरुषांनी बदलावेत की नाही, यावर तेथे मोठा वाद झाला. पुरुषांचे प्रमाण तेथे अजूनही अल्पच आहे.

नॉर्वेने १९९० च्या दशकापासून ह्या प्रश्नाकडे शासकीय धोरण म्हणून पाहिले. बालशाळांतील पुरुषांचे प्रमाण २० टक्क्यांवर न्यावे, असे उद्दिष्ट ठेवले गेले. पात्रता सारखी असेल तेथे पुरुष उमेदवारास प्राधान्य देण्याची सोय करण्यात आली. ह्याच देशाने १९९३ मध्ये अपत्यजन्मानंतरच्या रजेपैकी काही आठवडे केवळ पित्यासाठी राखून ठेवले. घरात बाप मुलाला न्हाऊ-माखू घालताना दिसू लागला, की बालशाळेतील पुरुषाचे नवल कमी होते, असा हा दुहेरी विचार होता. तीन दशकांच्या प्रयत्नांनंतरही नॉर्वेतील प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या आसपास आहे. उद्दिष्टाच्या निम्मे, परंतु जगाच्या मानाने पुष्कळ पुढे. जर्मनीनेही २०१० नंतर बालशाळांत पुरुषांची संख्या वाढविण्यासाठी संघराज्य पातळीवर खास कार्यक्रम राबविला. ह्या सर्वांतून एवढा बोध घेता येतो, की नुसते दार उघडून भागत नाही; आत येणाऱ्याला पगार, सोबत आणि विश्वास ह्या तिन्ही गोष्टी मिळाव्या लागतात.

पुरुष शिक्षक कशासाठी?

पुरुष शिक्षक असला म्हणजे मुलगे अधिक चांगले शिकतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. ठोस पुराव्याने ते सिद्ध झालेले नाही. चांगला शिक्षक हा चांगला शिक्षक असतो. तो स्त्री आहे की पुरुष, यावर गुणवत्ता ठरत नाही. पुरुष आला म्हणजे 'शिस्त' येते, हीही एक भाबडी समजूत होय. गिजुभाईंनी तर छडी टाकूनच आरंभ केला.

आणखी एका धोक्याकडे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी १९९२ मध्ये लक्ष वेधले. परिचर्या, प्राथमिक शिक्षण, ग्रंथालय व समाजकार्य ह्या स्त्रीबहुल व्यवसायांत आलेल्या पुरुषांना बढतीच्या वाटेवर जणू सरकता जिना मिळतो, असे त्यांना आढळले. चार पुरुष आले आणि थोड्याच दिवसांत ते चौघेही पर्यवेक्षक होऊन बसले, तर मुलांच्या वाट्याला काय आले? आणि वर्षानुवर्षे त्या वर्गात राबलेल्या बाईंच्या वाट्याला काय आले? पुरुषांनी बालवाडीत यावे, ते वर चढण्यासाठी नव्हे, तर जमिनीवर मुलांबरोबर मांडी घालून बसण्यासाठी.

मग त्यांनी यावे कशासाठी? तीन ते सहा ह्या वयात मूल जगाचा नकाशा मनात काढीत असते. कोण स्वयंपाक करतो, कोण गाडी चालवितो, कोण रडणाऱ्याचे डोळे पुसतो, हे ते पाहते व पक्के करून टाकते. ज्या मुलाने एखाद्या पुरुषाला गाणे म्हणताना, सांडलेले दूध पुसताना, लहानग्याच्या सदऱ्याचे बटण लावताना पाहिले, त्या मुलाच्या नकाशात माया ही एकाच बाजूची मिरासदारी राहत नाही. हा लाभ मुलग्याला होतो तसाच मुलीलाही होतो. ज्या घरात वडील कामासाठी दूरगावी आहेत, अथवा नाहीतच, त्या घरच्या मुलाला एक शांत, न ओरडणारा पुरुष रोज भेटणे ही लहान गोष्ट नव्हे.

आपल्या घरचे उत्तर

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे अर्धे तयार आहे. २०२० च्या धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच 'पायाभूत स्तर' मानला आहे. अंगणवाडीची किंवा बालवाडीची तीन वर्षे व इयत्ता पहिली-दुसरी यांचा त्यात समावेश होतो. ह्या स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात खेळातून शिक्षण हे सूत्र मुख्य मानले आहे. आता आपल्या जिल्हा परिषद शाळांतील पहिलीचा वर्ग आठवावा. खेडोपाडी कितीतरी ठिकाणी तो वर्ग गुरुजीच घेतात. जून महिन्यात शाळा उघडते तेव्हा दाराशी आईचा पदर धरून रडणाऱ्या मुलाला कडेवर घेणारे, त्याचे नाक पुसणारे, त्याला खडू देऊन फळ्यावर हवे ते काढू देणारे असे गुरुजी आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांना कोणी हसत नाही. त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही. कारण त्यांना प्रशिक्षण आहे, पद आहे, वेतन आहे आणि गावाचा विश्वास आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलापाशी पुरुष शोभतो, तर चार वर्षांच्या मुलापाशी तो विचित्र का दिसावा?

ह्या गुरुजींना बालशिक्षणाचे विशेष प्रशिक्षण मिळाले आणि शेजारच्या अंगणवाडीतील ताईंबरोबर त्यांनी आठवड्यातून काही वेळ मुलांसाठी गोष्ट, गाणे, बाग, मातीकाम असे काही केले, तर दोन्ही वर्गांतील भिंत आपोआप उतरेल. गावातील वडिलांना व आजोबांनाही महिन्यातून एकदा अंगणवाडीत बोलावता येईल. पालकसभा म्हणजे मातांची सभा, ही रीत बदलावयास फारसा खर्च येत नाही. आणि ह्या सर्वांबरोबर बालशिक्षकाच्या कामाला शिक्षकाची पत व शिक्षकाचे मोल मिळावे लागेल. ते मिळाले म्हणजे सध्या राबणाऱ्या स्त्रियांना न्याय मिळेल आणि पुरुषांसाठी वेगळे आमंत्रण काढण्याची गरज उरणार नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आळंदीच्या ज्ञानेश्वरांना आपण सातशे वर्षे 'माउली' म्हणत आलो आहोत. पंढरीच्या विठ्ठलाला वारकऱ्यांनी 'विठाई' केले. साने गुरुजींना मातृहृदयी म्हणताना आपल्याला कधी संकोच वाटला नाही. माउलीपण हा देहाचा नव्हे, वृत्तीचा गुण आहे, हे आपल्या परंपरेला फार पूर्वी उमगलेले होते. पालखीपुढे जे आपण म्हणतो, ते अंगणवाडीच्या दाराशी विसरू नये, एवढेच आता करावयाचे आहे.